निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारलेला असतो. कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा शिक्षा लागून तुरुंगात आहे. दोन वर्षे झाली, चार वर्षे झाली, आणि आता कुठे वकिलाच्या फीचे पैसे जमले आहेत. आता अपील करता येईल का?

करता येईल, पण वाट अवघड झालेली असते. ती तशी होण्याचे कारण नव्हते, म्हणूनच आज या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

निकालाच्या दिवशी काय होते ते ज्यांनी भोगले त्यांना सांगायला नको. न्यायाधीश शिक्षा वाचून दाखवतात, दहा मिनिटांत पोलीस आरोपीला घेऊन जातात, आई आणि बायको कोर्टाच्या व्हरांड्यात रडत राहतात. वकील म्हणतो, "निकालाचे कागद येऊ द्या, मग बघू." मंडळी घरी परततात. नातेवाईक येऊन जातात. कमावता हात गेलेला असतो, म्हणून आधी चूल, मग मुलांच्या शाळेची फी, मग घरभाडे. वकिलाचा विषय निघतो तोवर दोन-तीन महिने सहज उलटतात. कायद्याने मात्र दिवस मोजायला निकालाच्या दुसऱ्याच दिवसापासून सुरुवात केलेली असते. घरात पैसे कधी आले, याच्याशी त्याला काही कर्तव्य नसते.

हे दिवस १९६३ च्या मुदत कायद्यात ठरवून दिलेले आहेत. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली तर अपील सहसा सेशन कोर्टात जाते आणि त्याला ३० दिवस मिळतात. सेशन कोर्टाने शिक्षा दिली तर अपील हायकोर्टात, त्याला ६० दिवस. सेशन कोर्टाने फाशी दिली असेल तर मात्र ३० दिवसच. फाशी कायम करण्यासाठी प्रकरण हायकोर्टाकडे आपोआप जातेच, तरीही आरोपीने आपले अपील स्वतंत्रपणे करावे. सेशन कोर्टाने अपील फेटाळले तर पुढे हायकोर्टात रिव्हिजन, त्याला ९० दिवस. हायकोर्टाच्या निकालावर सुप्रीम कोर्टात विशेष परवानगीचा अर्ज करायला साधारणपणे ९० दिवस, फाशीच्या प्रकरणात ६०. एवढे आकडे वहीत लिहून ठेवा. वस्तीतल्या वाचनालयाच्या फळ्यावर लिहिले तर अधिक चांगले.

हायकोर्ट म्हटले की आपल्या लोकांना मुंबईच आठवते. पण मराठवाडा, नगर आणि खानदेशातली अपिले औरंगाबाद म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातात, विदर्भातली नागपूरला. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचे काम तिथे चालते. मुंबईची गाडी धरण्यापूर्वी आपला जिल्हा कुठे येतो ते विचारून घ्यावे.

आता पैशाचा प्रश्न. अपिलासाठी आधी पैसे जमवावे लागतात हा समज इतका पक्का झालेला आहे की तो काढून टाकणे हेच या लेखाचे मुख्य काम समजा. निकालाची नक्कल कैदेची शिक्षा झालेल्या माणसाला तिथल्या तिथे, फुकट द्यावी असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६३ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम ४०४ मध्येही तेच आहे. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते. अपील करता येण्यासारखा निकाल असेल तर आरोपीने अर्ज केल्यावर सर्टिफाइड नक्कलही विनामूल्य मिळते, आणि त्याची इच्छा असेल व शक्य असेल तर त्याच्या भाषेतले भाषांतरही मिळते. ज्या माणसाला आपल्याला कशासाठी जन्मठेप झाली हे वाचताच येत नाही, त्याने अपिलात सांगायचे तरी काय?

त्याच कलमात एक उणीव आहे. अपील किती दिवसांत करायचे हे न्यायाधीशांनी आरोपीला स्वतः सांगितले पाहिजे असा नियम आहे खरा, पण तो फक्त फाशीच्या शिक्षेसाठी. सात वर्षे, दहा वर्षे, जन्मठेप झालेल्याला मुदत सांगण्याचे बंधन या कलमाने कुणावर घातलेले नाही. माझ्या मते हे एक वाक्य प्रत्येक शिक्षेच्या शेवटी वाचून दाखवायला हवे. त्याला अर्धे मिनिट लागेल.

नक्कल हातात पडणे किती महत्त्वाचे असते, हे आपल्याच राज्यातल्या एका खटल्याने सुप्रीम कोर्टापुढे आणले. एम. एच. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो खटला, निकाल १९७८ चा. आरोपी काही गरीब मजूर नव्हता, विद्यापीठात शिकवणारा सुशिक्षित गृहस्थ होता. बनावट पदव्यांच्या प्रकरणात सेशन कोर्टाने त्याला कोर्ट उठेपर्यंतची नाममात्र कैद दिली होती. सरकारच्या अपिलावर मुंबई हायकोर्टाने १९७३ मध्ये ती वाढवून तीन वर्षे सक्तमजुरी केली. सुप्रीम कोर्टात त्याचा अर्ज पोचला तो चार वर्षांहून अधिक उशिराने, शिक्षा भोगून संपल्यावर. एवढा उशीर का, तर हायकोर्टाने निकालाची नक्कल येरवडा कारागृहाकडे वेळेवर पाठवली होती, पण ती आपल्या हातात पडलीच नाही असे त्याचे म्हणणे. कारागृहाचे म्हणणे, कारकुनाने नक्कल दिली होती, पण राज्यपालांकडच्या दयेच्या अर्जाला जोडण्यासाठी ती परत घेतली. नक्कल मिळाल्याची त्याची सही कुठल्याच कागदावर नव्हती.

त्याचा अर्ज काही मंजूर झाला नाही. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने जे ठरवून दिले ते हजारो कैद्यांच्या उपयोगी पडले. नक्कल तुरुंगात आली की तुरुंगाने ती कैद्याला ताबडतोब द्यावी आणि तशी लेखी पोच घ्यावी. कैद्याला अपील करायचे असेल तर तुरुंगाने त्याला सोय करून द्यावी. वकील करण्याची ऐपत नसेल तर कोर्टाने वकील नेमावा आणि त्याचा खर्च सरकारने करावा. विचार करा, विद्यापीठात शिकवणाऱ्या माणसाच्या हातात नक्कल पोचली की नाही याचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत जातो, तर ज्याला सहीसुद्धा करता येत नाही त्याच्या नक्कलेचे काय होत असेल? म्हणून मुलाखतीला गेलात की पहिला प्रश्न तब्येतीचा विचारा आणि दुसरा हा: "निकालाची नक्कल मिळाली का? कोणत्या तारखेला मिळाली?"

तुरुंगातूनच अपील करण्याची सोयही कायद्यात आहे. तिला जेल अपील म्हणतात. शिक्षा झालेल्याने आपला अपिलाचा अर्ज आणि नक्कल तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे द्यायची, त्याने ती योग्य त्या कोर्टाकडे पाठवायची (जुने कलम ३८३, नवे ४२४). वकील नको, कोर्टात खेटे नकोत. अर्जाची भाषा कायद्याची नसली तरी चालते. फक्त अर्ज कोणत्या तारखेला दिला याची पोच घ्यावी, आणि ती तारीख घरी कळवावी. काही जण म्हणतात, जेल अपिलाकडे कोर्ट ढुंकूनही पाहत नाही. तसे नाही. जेल अपील अपिलाची मुदत संपायच्या आत वरच्या वर फेटाळता येत नाही, आणि अपील करणाऱ्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी असाही सर्वसाधारण नियम आहे.

सोबत वकीलही हवा असेल, आणि तो हवाच, तर १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्याच्या कलम १२ मध्ये फुकट वकील मिळण्यास पात्र असलेल्यांची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, मूल, आणि कोठडीत असलेला माणूस हे त्यात आहेत. त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे तुरुंगात असणे एवढीच पात्रता पुरते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत चकरा मारण्यात मुदत घालवू नका. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला तालुका समिती असते, हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टासाठी वेगळ्या समित्या आहेत. १५१०० या नंबरवर फोन लावला तरी वाट सांगतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुहास चकमा खटल्यात न्या. भूषण गवई व न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने या कामात आणखी नेटकेपणा आणण्याचे निर्देश दिले. शिक्षेच्या किंवा अपील फेटाळल्याच्या निकालाला, वरच्या कोर्टात जाण्यासाठी फुकट वकील मिळतो हे सांगणारे एक पान जोडावे, याचा विचार हायकोर्टांनी करावा, हाही त्यातला एक. तुमच्या नक्कलेला असे पान असेल तर ते फेकू नका.

फुकटचा वकील काम नीट करत नाही, ही तक्रार मी ऐकलेली आहे आणि ती नेहमीच खोटी नसते. पण मुदतीत दाखल झालेले साधे अपील हे मुदतीनंतर आलेल्या मोठ्या वकिलापेक्षा बरे. वकील पुढे बदलता येतो. गेलेली तारीख बदलता येत नाही.

आता दिवसांचा हिशोब. समजा सेशन कोर्टाचा निकाल १० जूनला लागला. निकालाचा दिवस सोडून द्यायचा, ११ जूनपासून मोजायचे. साठावा दिवस ९ ऑगस्टला येतो. सर्टिफाइड नक्कल मिळवण्यात गेलेले दिवसही वजा होतात. अर्ज १२ जूनला केला आणि नक्कल २६ जूनला तयार झाली, तर ते १५ दिवस धरून मुदत २४ ऑगस्टपर्यंत जाते. पण नीट पाहा: नक्कल तयार झाली २६ जूनला, आणि तुम्ही ती आणायला गेलात २० जुलैला, तर मधले दिवस तुमच्या खात्यावर पडतात. नक्कल विभागात अर्ज टाकून गावी निघून जाणाऱ्यांचे इथे नुकसान होते. अर्जच मुदत संपल्यावर केला तर ही सवलत मिळतच नाही. शेवटचा दिवस कोर्टाच्या सुट्टीत आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल केलेले चालते, पण उन्हाळ्याच्या सुट्टीच्या भरवशावर राहणारा माणूस दुसरे काहीतरी विसरलेला असतो असा माझा अनुभव आहे.

ज्यांनी वकील केला आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. "अपील टाकले आहे, तारीख आली की कळवतो," एवढ्या बोलण्यावर वर्षे काढलेली घरे आहेत. शेवटी कळते की अपील टाकलेच नव्हते. वकिलाचा अपमान न करता विचारता येते, "साहेब, स्टॅम्प नंबर किती?" आपल्या हायकोर्टात काही दाखल झाले की आधी स्टॅम्प नंबर पडतो, पुढे कायमचा नंबर. तो नंबर लिहून घ्या आणि शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला कोर्टाच्या संकेतस्थळावर शोधायला सांगा. फी दिली तर पावती मागा. वकीलपत्रावर तुरुंगातल्या माणसाची सही किंवा अंगठा लागतो आणि त्यावर तुरुंगाधिकाऱ्याची साक्ष लागते. घरच्यांनी परस्पर सही करू नये.

अपील दाखल झाले म्हणजे माणूस सुटला असे नव्हे. शिक्षा स्थगित करून जामिनावर सोडावे असा वेगळा अर्ज त्याच वेळी द्यावा लागतो (जुने ३८९, नवे ४३०). अपिलाची सुनावणी वर्षानुवर्षे लागत नाही हे आपण सगळे पाहतो, तेव्हा या अर्जाचे मोल मोठे. खटल्यात जामिनावर असलेल्या माणसाला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा झाली असेल तर शिक्षा देणारे कोर्टच त्याला अपील करण्यापुरता जामीन देऊ शकते. पण त्यासाठी निकाल ऐकताक्षणीच "आम्हाला अपील करायचे आहे" असे सांगावे लागते. निकालाच्या दिवशी घरी जाण्याची घाई करू नये, ती याच कारणासाठी. आणि दंड भरून मोकळे होऊ म्हणून गुन्हा कबूल करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की कबुलीवर झालेल्या शिक्षेत पुढे अपील जवळजवळ बंद होते. शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

मुदत गेलीच असेल तर? तर विलंब माफीचा अर्ज. मुदत कायद्याच्या कलम ५ प्रमाणे पुरेसे कारण दाखवले तर कोर्ट उशीर माफ करते. सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये कातिजी खटल्यात सांगितले की उशिराने येण्यात पक्षकाराचा स्वतःचा काही फायदा नसतो, तेव्हा कोर्टांनी अशा अर्जाकडे उदारपणे पाहावे. तो खटला जमिनीच्या भरपाईचा होता, पण तत्त्व तेच. तरीही "गरिबीमुळे उशीर झाला" हे एक वाक्य पुरत नाही. कोणत्या महिन्यात काय झाले ते सांगा. नक्कल कधी मिळाली, मिळाली नसेल तर तुरुंगाकडे कधी मागितली, वकिलाने काय सांगितले आणि फी कधी घेतली, घरात कोण आजारी होते. दवाखान्याचे कागद, पावत्या, मनीऑर्डरच्या पावत्या, तुरुंगातून आलेली पत्रे, काही टाकू नका. दोन वर्षांच्या उशिरानेही दार उघडू शकते. फक्त त्या दोन वर्षांचा हिशोब द्यावा लागतो.

आपल्या वाचकांपैकी अनेकजण कोर्टात दुसऱ्या बाजूला, म्हणजे अत्याचार सोसलेल्यांच्या बाजूला उभे असतात, म्हणून एक बाजूची गोष्ट. अॅट्रॉसिटी कायद्याच्या खटल्यांत वेगळी मुदत आहे. कलम १४-अ प्रमाणे हायकोर्टात अपील ९० दिवसांत. त्यानंतर कारण दाखवून येता येते, पण १८० दिवसांपलीकडे नाही असे कलम सांगते. अलाहाबाद हायकोर्टाने २०१८ मध्ये ही १८० दिवसांची भिंत घटनाबाह्य ठरवली, परंतु आपल्याकडे त्या भरवशावर कुणी बसू नये, शिक्षा झालेल्याने नाही आणि आरोपी सुटल्यामुळे वर जाऊ पाहणाऱ्या फिर्यादीनेही नाही. आणि शिक्षा झालेला माणूस जामीन मागू लागला तर पीडिताला बाजू मांडण्याचा हक्क आहे, कलम १५-अ. नोटीस आली तर ती घरात पडू देऊ नका.

अपिले संपल्यावरही काही वाटा उरतात. सुप्रीम कोर्टात पुनर्विलोकनाचा अर्ज ३० दिवसांत करता येतो. फाशीच्या प्रकरणात दयेच्या अर्जालाही नव्या संहितेच्या कलम ४७२ ने मुदत घातली आहे. सुप्रीम कोर्टातला मार्ग संपल्याचे तुरुंग अधीक्षकाने कळवल्यापासून ३० दिवस, आणि राज्यपालांनी नाकारल्यावर राष्ट्रपतींकडे जायला ६० दिवस. हा अर्ज कैद्याचा वारस किंवा नातेवाईकही करू शकतो. या वाटा नुसत्या नावाच्या आहेत असे समजू नका. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या दरोडा व खुनाच्या खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये फाशी दिली होती. पुनर्विलोकनाचा अर्ज एकदा फेटाळला गेला. २०१८ मध्ये तो पुन्हा खुला झाला, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. अपील संपले, पुनर्विलोकन संपले म्हणून कुणी स्वस्थ बसले असते तर ही माणसे आज कुठे असती?

एका गोष्टीला मात्र कसलीच मुदत नाही. गुन्ह्याच्या दिवशी आरोपी अठरा वर्षांच्या आतला होता, हा मुद्दा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९ प्रमाणे कोणत्याही कोर्टात, कधीही, प्रकरण कायमचे निकाली निघाल्यावरसुद्धा मांडता येतो. पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडात फाशी झालेल्या राजस्थानच्या एका कैद्याने असा अर्ज २०१८ मध्ये केला. शाळेच्या रजिस्टरवरून घटनेच्या दिवशी त्याचे वय बारा वर्षे सहा महिने असल्याचे सिद्ध झाले, आणि २७ मार्च २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने त्याला सोडले. तोवर त्याची अठ्ठावीस वर्षे तुरुंगात गेली होती. शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल तर ज्या शाळेत पहिलीला नाव घातले तिथले जुने जनरल रजिस्टर पाहून घ्यावे. गावाकडच्या शाळांत ते बहुधा जपलेले असते.

पुढील अंकात संचित रजा आणि अभिवचन रजा यांच्या नियमांविषयी.